कुंभारीण माशीचं घर फोडू द्यावं का?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्यावरच्या एका खेड्यात राहतो. सोप्यातल्या तुळईवर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. माझा आठवीतला मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि तासभर तिच्याकडं बघत बसतो. सासूबाई म्हणतात, ती अळी आणून आत कोंडते, वर गुणगुणते आणि त्या अळीचीच माशी होते. मुलगा म्हणतो, फोडून बघतो. शेजारणी म्हणतात, पोराला वेड लागलंय. मागच्या अंकात तुम्ही फाब्र नावाच्या माणसाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. जन्मभर किडे बघून त्याला मिळालं काय?

उत्तर : ताई, घर फोडू द्या. पण एकच, आणि मी सांगतो तसं.

आधी चावण्याची काळजी मिटवू. कुंभारीण एकटी राहते. राखायला पोळं नसतं, म्हणून चिमटीत धरून दाबल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही. वळचणीला कागदासारखं राखाडी पोळं लोंबत असेल आणि त्यावर माश्यांची गर्दी असेल, तर ती गांधील. तिकडं मुलाला फिरकू देऊ नका.

आता सासूबाईंचं म्हणणं. भृंगी आणि कीटकाचा हा दृष्टान्त आपल्या संतवाङ्मयात पुन्हा पुन्हा येतो. ज्याचं ध्यान करावं तसं आपण होतो, हा त्याचा भाव, आणि तो मला फार प्रिय आहे. ज्यानं कुणी तो पहिल्यांदा सांगितला त्यानं माशी नीट बघितली होती. अळी आत जाते, गुणगुण ऐकू येते, तोंड लिंपलं जातं, काही दिवसांनी माशी बाहेर पडते. बाहेरून दिसण्यासारखं सगळं त्यानं बरोबर टिपलं. आतलं राहिलं.

ते आतलं बघण्यात ज्याँ-आंरी फाब्र यांनी आयुष्य घातलं. जन्म 1823 चा, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेओन खेड्यातला, घर गरिबाचं. पाच-सहा वर्षांचे असताना त्यांना प्रश्न पडला, ऊन मला डोळ्यांनी दिसतं की तोंडानं? डोळे मिटून तोंड उघडलं, मग तोंड मिटून डोळे उघडले, आणि उत्तर मिळालं. घरच्यांना सांगितल्यावर सगळे हसले. पुढं त्यांनी आयुष्यभर हेच केलं. एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

तुमच्या तुळईवरचं घर कसलं आहे ते मुलाला बघू द्या. अरुंद गळ्याच्या बारक्या लोट्यासारखं असेल, तर आत अळ्या असतील. फाब्र यांनी असले लोटे उघडले तेव्हा त्यांना दिसलं, की अळ्या मेलेल्या नसतात, डंखानं लुळ्या पडलेल्या असतात आणि थोडी वळवळ करतात. त्या वळवळीत अंडं चिरडेल, म्हणून माशीनं ते छताला बारीक धाग्यानं टांगलेलं असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू वरूनच खाली तोंड घालून खायला लागतं. म्हणजे अळीची माशी होत नाही, अळी हा माशीच्या लेकराचा शिधा असतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

मातीच्या नळ्या शेजारी शेजारी चिकटवून वर लिंपण केलेलं असेल, तर माशी दुसरी, बारीक कमरेची, काळी-पिवळी. ती कोळी भरते. फाब्र यांनी तिच्या एका खोलीतून अंडं आणि कोळी काढून घेतले. ती नवा कोळी आणायची, ते काढून घ्यायचे. वीसेक कोळी असे गेले, आणि शेवटी तिनं रिकामी खोली व्यवस्थित लिंपून बंद केली. दुसऱ्या एकीचं अख्खं घरच त्यांनी भिंतीवरून उचललं. तरी ती चिखल घेऊन आली आणि जिथं घर होतं त्या उघड्या भिंतीवर लिंपत राहिली.

हे मी स्वतः करून बघितलंय. नोकरीच्या सुरुवातीला खानापुरात भाड्याच्या खोलीत होतो. खानापूर मातीचं गाव, मडकी आणि कौलं करणाऱ्यांचं, आणि आमची कुंभारीण न्हाणीच्या पाण्यानं भिजलेली परड्यातली लाल माती न्यायची. मोहरीपेक्षा जरा मोठी गोळी जबड्यात धरून यायची, भिंतीला लावायची आणि दाबताना बारीक झुंईं आवाज करायची. गोळी संपली की आवाज बंद. घर पुरं होत आलं तेव्हा मी ते सुरीनं अलगद काढलं. ती आली, दोनदा घिरट्या घातल्या, आणि उघड्या चुन्यावर गोळी फासली. मग दुसरी. अंधार पडेपर्यंत मी मोजत होतो, सतरा. भिंतीवर लाल डाग तेवढा उरला. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. म्हणून म्हणतो, एकच घर, आणि शक्यतो माशी बाहेर पडून गेलेलं जुनं. त्यातही कोशाची साल आणि खाल्लेल्या कोळ्यांचे पाय सापडतात.

वेडाचं म्हणाल, तर फाब्र एकदा सकाळी वाटेच्या कडेला एका माशीवर नजर लावून बसले होते. द्राक्षं तोडायला निघालेल्या तीन बायका त्यांना बघून पुढं गेल्या. संध्याकाळी टोपल्या घेऊन परतल्या तरी हा माणूस तिथंच. एकीनं कपाळाला बोट लावून म्हटलं, बिचारा भोळा आहे, आणि तिघींनी क्रूसाची खूण केली. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीय. तुमच्या शेजारणींना जरूर सांगा.

मिळालं काय, हा प्रश्न तुम्ही काळजीनं विचारलाय, म्हणून खरं तेच लिहितो. पैसा नाही. आव्हिन्याँमध्ये शिकवताना त्यांनी मुलींना फुलांचं परागण कसं होतं ते सांगितलं. त्यावर काहूर उठलं, नोकरी सुटली, भाड्याचं घरही सोडावं लागलं. तेव्हा त्याच गावात राहणारे इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी तीन हजार फ्रँक उसने दिले. शाळेची पुस्तकं लिहून फाब्र यांनी ते फेडले. 1879 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सेरिन्यान गावाजवळ स्वतःची जागा झाली. दगडगोट्यांची, काट्याकुट्यांची. तिकडं अशा पडीक जमिनीला हर्मास म्हणतात, आपण माळ म्हणू. त्याच साली त्यांच्या कीटकांच्या आठवणींचा पहिला खंड निघाला आणि दहावा 1907 मध्ये. 1915 मध्ये तिथंच वारले, एक्याण्णव वर्षांचे होऊन. उत्क्रांतीचं मत त्यांना कधी पटलं नाही, तरी डार्विननं त्यांना अतुलनीय निरीक्षक म्हटलं.

पण मला विचाराल तर त्यांना मिळालं ते वेगळंच. शेणाचे गोळे ढकलत नेणारा भुंगा तुमच्या मुलानं माळावर बघितलाच असेल. त्या गोळ्यात अंडं असतं, असं पुरातन काळापासून मानत. फाब्र यांनी गोळ्यांमागून गोळे फोडले, अंडं कुठंच नाही. जवळजवळ चाळीस वर्षं हे कोडं सुटलं नाही. मग एका तरुण मेंढपाळानं जमिनीखालून निघालेली एक वस्तू त्यांना आणून दिली, पेअर फळासारखी, एका टोकाला निमुळती. अंडं त्या निमुळत्या टोकात होतं. ढकलत नेतो तो गोळा भुंग्याचं स्वतःचं जेवण. आपलं आधीचं लिखाण चुकलं होतं, हे त्यांनी पुढच्या खंडात मोकळेपणानं लिहिलं.

ते चुकायचेही. सिकाडा म्हणजे उन्हाळ्यात झाडावर बसून कर्कश ओरडणारा किडा. त्याला ऐकू येतं का हे बघायला त्यांनी गावच्या उत्सवात उडवतात त्या उखळी घरासमोरच्या झाडांखाली उडवल्या. आपल्या जत्रेत उखळीचा बार उडतो, तसाच. वर सिकाडा ओरडतच राहिले, म्हणून ते बहिरे असावेत असं त्यांनी मानलं. सिकाडांना ऐकू येतं, हे नंतर सिद्ध झालं. ओरडणं थांबलं नाही, हे त्यांनी बघितलेलं खरंच होतं, त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकला.

म्हणून मुलाला शंभर पानी वही द्या. डाव्या पानावर बघितलेलं, तारीख आणि वेळ घालून. उजव्या पानावर त्याला काय वाटतं ते. दोन्ही एकाच पानावर येऊ देऊ नका. सासूबाईंचं म्हणणंही उजव्या पानावर पहिल्या ओळीत लिहू दे, त्यांच्याच शब्दांत. तासभर बसतो तर बसू द्या. घरचा अभ्यास रात्री दिव्याखाली होतो, कुंभारीण रात्री काम करत नाही.

प्रश्न : चिकोडी भागात आमचा ऊस आहे. दर वर्षी हुमणी मुळं खाते आणि ठोंब वाळतात. तुमच्या किडे बघण्याचा शेतकऱ्याला काही उपयोग?

उत्तर : आहे, आणि तुम्हाला सर्वांत जास्त. आपण किडा म्हणून मोकळे होतो, आपले कन्नड शेजारी हुळ म्हणून. पण हुमणी वर्षभर अळी नसते. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, की दिवेलागणीनंतर तिचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर गोळा होतात. तिथं पाला खातात, जोड्या जमवतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. अंडी त्यानंतर. वर्षात एकच पिढी, म्हणून या थोड्या रात्री फार मोलाच्या. फांद्या हलवून भुंगेरे पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एकट्याच्या बांधावर करून भागत नाही, सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात करायला हवं.

यंदा पहिला वळीव कधी झाला, भुंगेरे कोणत्या रात्री आणि कोणत्या झाडावर दिसले, एवढं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. निपाणी, हुक्केरीकडच्या वाचकांनीही पाठवा. तारखा एकत्र करून पुढच्या उन्हाळ्यात इथंच छापू.