पॉकेटमधून लगेच पळू नको रे

अरे, कोणी अंगावर आलं की पॉकेट (ब्लॉकर्सनी तुझ्याभोवती धरलेली सुरक्षित जागा) सोडून लगेच पळतोस ना? अमेरिकन फुटबॉलमध्ये पहिल्या सीझनला बहुतेक क्वार्टरबॅकचं (पास फेकणाऱ्याचं) असंच होतं, टेन्शन घेऊ नको. ब्लिट्झ (जादा डिफेंडर अंगावर सोडणं) ओळखणं, प्रोटेक्शन (ब्लॉकर्सची मांडणी) बदलणं वगैरे सध्या कोचवर सोड, तू एवढंच बघ:

- नजर वर. अंगावर येणाऱ्याकडे बघत बसलास की रिसीव्हर (पास झेलणारा) दिसणारच नाही.
- मागे पळू नको, पुढे सरक. कडेने येणारे रशर (तुला पाडायला धावणारे डिफेंडर) मग तुझ्या मागून निघून जातात, आणि तू मागे गेलास तर स्वतःच त्यांच्या हातात सापडतोस, वर शिव्या बिचाऱ्या टॅकलला (कडेच्या ब्लॉकरला). नावाजलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी बघ, ४० यार्डला ५.२८ सेकंद म्हणजे अगदीच कासव, पण एक-दोन पावलांत बरोबर जागा काढायचा.
- स्नॅपच्या (बॉल तुझ्याकडे येऊन खेळ सुरू होण्याच्या) आधीच ठरव पास द्यायला पहिला कोण, दुसरा कोण, दोघंही कव्हर झाले तर रनिंग बॅकला (बॉल घेऊन धावणाऱ्याला) छोटा पास. अडीच-तीन सेकंदांत बॉल हातातून गेला पाहिजे.

सॅक झाला (बॉल हातात असतानाच तुला पाडलं) तर होऊ दे, पण पडता पडता बॉल भिरकवायचा नाही, फालतू इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पास झेलणं) तिथेच होतात आणि कोच बेंचवर बसवतो ते त्यासाठीच.

प्रॅक्टिसला दोघांना ब्लॉकिंग पॅड घेऊन अंगावर यायला सांग, रोज दहा मिनिटं पुरे.