जंतू तोच, मग आईलाच ‘हाय रिस्क’ का?

ताई, तुमच्या आईचं वय ६८, शुगर १५ वर्षांची, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातला जंतू शोधायच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू. तासगावात तुमच्या शेजारच्या मुलीलाही लघवीच्या इन्फेक्शनमधून हाच जंतू रक्तात गेला होता, पण ती लवकर घरी आली. मग आईलाच डॉक्टर ‘हाय रिस्क’ का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. मिरजेत मेडिसिन वॉर्डात आणि आयसीयूत मी बरीच वर्षं नर्स होते, म्हणून सविस्तर लिहिते.

अँटिबायोटिक जंतूला मारतं, पण तोवर तग शरीरानंच धरायचा असतो. शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतू गिळायला कमी पडतात. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयवच बिघडायला लागतात तेव्हा, बीपी उतरलं की किडनीला रक्त कमी मिळतं. त्या मुलीची किडनी हे सोसून पुन्हा सावरते. आईची आधीच अशक्त, त्यामुळे डायलिसिसची वेळ लवकर येऊ शकते. लिव्हर सिरोसिसवाल्यांचं (लिव्हर कडक होऊन निकामी होत गेलेल्यांचं) दुखणं आणखी वेगळं, कारण आतड्यातून येणारे जंतू गाळणारं लिव्हरच थकलेलं असतं. जुन्या आजारांना गुण देऊन धोका मोजायची डॉक्टर चार्लसन यांची पद्धत १९८७ पासून आहे. डॉक्टर घाबरवत नाहीयेत.

‘ताप उतरला, म्हणजे बरं आहे’ या समजाची मला फार काळजी वाटते. म्हातारपणी, किडनीच्या आजारात किंवा स्टेरॉइड चालू असताना ताप येतोच असं नाही. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर नाडीही फारशी वाढत नाही. त्यापेक्षा बघा: आई असंबद्ध बोलते का, धाप लागते का, लघवी कमी झाली का, हातपाय गार पडलेत का. यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट न पाहता लगेच सिस्टरना सांगा.

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या अशा आजारपणात बहुधा थांबवतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. मागच्या वर्षभरात कुठे ॲडमिट होत्या, कुठली इंजेक्शनं झाली, जुने कल्चर रिपोर्ट, हेही द्या. वारंवार दवाखान्यात गेलेल्यांच्या जंतूंवर नेहमीची औषधं लागू न पडण्याची शक्यता जास्त असते.

सोनोग्राफी झाली का, हे आजच विचारा. लघवीच्या वाटेत खडा अडकला असेल किंवा किडनीत पू साचला असेल, तर तो मोकळा केल्याशिवाय नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही. शुगरवाल्यांच्या किडनीत कधी कधी गॅसही धरतो; शंका असली तर सीटी स्कॅन सांगतील.

आणि सुधारणा चांगली असेल, तर ७ दिवसांत अँटिबायोटिक बंद केलं म्हणून अर्धवट उपचार झाले असं समजू नका. रक्तात जंतू गेलेल्यांवरच्या २०२४ च्या बॅलन्स अभ्यासात ३,६०८ रुग्ण होते, आयसीयूतलेही होते, आणि ७ दिवसांचा कोर्स १४ दिवसांच्या तुलनेत कमी ठरला नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस या दुसऱ्या जंतूला मात्र हे लागू नाही, तिथे कोर्स लांबच असतो आणि हृदयाचा इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करतात.