घाटात ट्रक दम खातो

प्रश्न: माझा 2006 चा डिझेल ट्रक, वाशी मार्केटमधून माल भरून निघालो की खंडाळ्याच्या चढाला ॲक्सिलरेटर दाबला तरी आधी मरगळतो मग झटका देऊन उचलतो, रिकामा असला की मस्त पळतो. मेकॅनिक डिझेल पंप खोलू म्हणतोय.

उत्तर: दादा, पंपाला इतक्यात हात लावू देऊ नका, खर्च मोठा आहे. आधी धूर बघा. काळा धूर येत असेल तर हवा कमी पडतेय, एअर फिल्टर आणि टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर त्याचा होज, म्हणजे रबरी पाइप, चिरलाय का बघा. धूर नसेल तर डिझेल पुरत नाहीये, डिझेल फिल्टर बदला, वॉटर सेपरेटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं) डिझेल काचेच्या बाटलीत काढा, पाणी असेल तर तळाला बसतं, मुंबईच्या पावसात हे हमखास. टाकीकडून येणारा पाइप कुठे हवा ओढतोय का तेही बघाच.