वीस हंगामांची वही

प्रिय भाऊ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवायच्या कॉम्प्युटर गेममधला तुझा सेव्ह (जपून ठेवलेला डाव) जुलै २०३६ ला पोहोचला, म्हणजे खरी अडचण आता सुरू होते. आजचे नावाजलेले खेळाडूच बघ: २०२४ च्या आवृत्तीत सोळा वर्षांचा असलेला यामाल तिथं एकोणतिशीला आलाय, हालांड छत्तिशीला टेकलाय, एम्बापे सदतीस वर्षांचा. त्यांच्या जागी आलेली बहुतेक पोरं गेमनंच जन्माला घातलेली. त्यांची नावं बाहेर कुठल्याच पेपरात सापडायची नाहीत. तू विचारलंस, तेरा हंगाम खेळूनही यातला सगळ्यांत भारी स्ट्रायकर कोण होता हे ठामपणे का सांगता येत नाही? कारण गेम आजचं चित्र दाखवतो. गोल, सामने, कप यांचा इतिहास तो राखतो, पण सतराव्या वर्षी त्या पोराचं फिनिशिंग (गोल मारण्याची सफाई) किती होतं हे तो तुझ्यासाठी जपून ठेवत नाही. ते तुलाच लिहून ठेवावं लागतं.

खाली सांगतोय ते २०२४ च्या आवृत्तीच्या हिशेबानं. २०२५ ची निघालीच नाही आणि २०२६ मध्ये पडद्यांची मांडणी बदलली. तिथं बटणं शोधावी लागतील, एखादी सोय मिळाली नाही तर हातानं लिही. पद्धत तीच राहते.

सगळ्यांत आधी स्टार लिहिणं बंद कर. तू पाठवलेल्या शीटमध्ये प्रत्येकापुढं साडेतीन, चार, पाच स्टार आहेत आणि सगळा घोळ तिथंच झालाय. स्टार ही मोजपट्टी नाही, तुलना आहे. तुझ्या आजच्या संघासमोर तो पोरगा कसा वाटतो, एवढंच तुझा स्काउट (खेळाडू हेरणारा) किंवा कोच सांगत असतो. दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबात असताना पाच स्टारचा दिसलेला मुलगा तू चॅम्पियन्स लीगच्या क्लबात गेलास की अडीचचा होतो. पोरगा तोच, त्याचा एकही आकडा कमी झालेला नसतो. शिवाय सांगणारा बदलला की स्टारही बदलतात. खेळाडूची कुवत आणि पुढची झेप जोखण्याचे आकडे ज्या स्काउटचे विसापैकी १८-१९ आहेत तो एक सांगेल, ११ वाला दुसरंच सांगेल. म्हणून १ ते २० मधले गुण लिही. ते कुठल्याही क्लबातून सारखेच दिसतात, फक्त त्या खेळाडूची पुरती माहिती काढलेली हवी.

आता तारखा. आपल्याकडं केळीच्या बागेत उभं राहून झाडाची उंची बघून कुणी मत देत नाही. मृगबाग (पावसाच्या तोंडावर लावलेली) की कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली), लागवड कधीची, हे आधी विचारतात. गेममध्येही तसंच कर. वर्षातल्या दोन तारखा ठरव आणि त्या चुकवू नकोस: १५ जून आणि १५ डिसेंबर. जूनमध्ये युरोपातल्या बहुतेक लीग संपलेल्या असतात, ३० जूनला करार संपायचे असतात, आणि नव्या हंगामासाठी आकडे शून्यावर यायच्या आत संपलेल्या हंगामाचे गोल आणि सरासरी रेटिंग एका ओळीत मिळतात. डिसेंबर ठेवायचा कारण ब्राझील, नॉर्वे, स्वीडन इथला हंगाम कॅलेंडरच्या वर्षाप्रमाणं चालतो. तिथल्या पोराची नोंद जूनमध्येच घेतलीस तर अर्धा हंगाम धरून तू त्याला कमी लेखशील.

नोंद घेण्यासाठी शॉर्टलिस्टच्या (लक्ष ठेवायच्या खेळाडूंच्या यादीच्या) पडद्यावर स्वतःचा व्ह्यू, म्हणजे रकान्यांची मांडणी, बनव. रकाने असे: यूआयडी (गेमनं प्रत्येक खेळाडूला दिलेला वेगळा क्रमांक), नाव, वय, देश, क्लब, जागा, करार कधी संपतो, किंमत, देशाकडून सामने, मग गुण. मैदानातल्या खेळाडूचे एकूण ३६ गुण असतात, १४ तांत्रिक, १४ मानसिक, ८ शारीरिक. सगळे घे, नंतर उपयोगी पडतात. गोलकीपरचा व्ह्यू मात्र वेगळा ठेव, त्याचे तांत्रिक गुणच निराळे असतात. यूआयडी पहिला रकाना ठेवायला सांगतोय ते उगाच नाही. वीस हंगामांत एकाच देशातून एकाच नावाचे दोन-तीन खेळाडू येतात. पोर्तुगाल आणि ब्राझीलचे तर हमखास. नावावरून दोन वर्षांच्या ओळी जुळवल्यास की एका सिल्व्हाचे गोल दुसऱ्या सिल्व्हाच्या खात्यात पडतात आणि चूक लक्षातही येत नाही.

व्ह्यू तयार झाला की कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या ओळी निवड, मग कंट्रोल आणि पी. वेब पेज म्हणून सेव्ह कर आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघड. सगळ्या ओळी निवडायच्या राहिल्या तर यादी अर्धवट उतरू शकते, म्हणून शेवटची ओळ गेमशी ताडून बघ. आणखी एक खोड आहे. ज्याची माहिती पुरती काढलेली नाही त्याचा गुण ९-१२ असा टप्प्यात येतो, आणि एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. फिनिशिंगच्या रकान्यात डिसेंबर दिसला तर घाबरू नकोस. आधी रकाने टेक्स्ट करून घे, मग डेटा चिकटव. असे टप्प्यातले आकडे बेरजेत धरू नकोस. स्काउटला आणखी पाठव, पुढच्या तारखेला पक्का आकडा मिळेल.

एक ओळ कशी वाचायची ते बघ. समज, एक स्ट्रायकर आहे. त्याचे सातच गुण धर: फिनिशिंग, कंपोजर (दडपणातला शांतपणा), ऑफ द बॉल (बॉल नसताना जागा शोधणं), अँटिसिपेशन (पुढचं आधी ओळखणं), फर्स्ट टच (आलेला बॉल ताब्यात घेणं), पेस (वेग), अ‍ॅक्सिलरेशन (वेग पकडणं). सोळाव्या वर्षी ११, ९, १०, ९, ११, १४, १३, बेरीज ७७. सतराव्या वर्षी ८३. अठराव्या वर्षी ८८. एकोणिसाव्या वर्षी ८९. आधी सहानं वाढला, मग पाचनं, आणि पुढं नुसता एक. इथं थांबायचं आणि शेजारच्या रकान्यात कारण शोधायचं. त्या हंगामात तो किती मिनिटं खेळला? मोठ्या क्लबानं विकत घेऊन बाकावर बसवला असेल तर वाढ तिथंच अडते, कारण अठराच्या पुढं नुसत्या सरावानं भागत नाही, सामने लागतात. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं असेल तर पेस आणि अ‍ॅक्सिलरेशन दोन्ही एकदम उतरलेले दिसतील. दोन्हींपैकी काहीच नसेल तर स्वभाव बघ. मॉडेल प्रोफेशनल, परफेक्शनिस्ट, रेझोल्यूट असं लिहिलेलं पोरगं सावकाश का होईना चढत राहतं. स्लॅक किंवा कॅज्युअल लिहिलेलं सोळाव्या वर्षी कितीही चमकलं तरी त्याच्यावर फार भरवसा ठेवू नकोस. डिटर्मिनेशन वेगळ्या रकान्यात लिही, बेरजेत घेऊ नकोस. तो कौशल्याचा आकडा नाही, जिद्दीचा आहे. बेरीज का वाढली किंवा का अडली, हे समजायला तो बाजूला असलेला बरा.

तुझ्या शीटमध्ये ‘का थांबला’ हा रकाना नाही. तो आजच घाल. पुढं दहा वर्षांनी तोच सगळ्यांत जास्त वाचशील.

पोटेन्शियल एबिलिटीचा, म्हणजे खेळाडू जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतो त्याचा, छुपा आकडा २०० पर्यंत असतो, आणि गेमनं घडवलेल्या मुलाचा तो सुरुवातीलाच ठरतो. पण तो वरचा काठ आहे, तिथवर पोचण्याची हमी नाही. एडिटर (गेमच्या आतले आकडे उघडणारी सोय) लावून किंवा बाहेरचं स्काउट सॉफ्टवेअर वापरून तो आकडा बघता येतो. माझं मत स्पष्ट आहे: चालू सेव्हमध्ये बघू नकोस. एकदा १८५ दिसला की त्या पोराकडं तू मोकळ्या नजरेनं बघूच शकत नाहीस, आणि नोंदवहीला अर्थ उरत नाही. अगदीच राहवत नसेल तर खेळाडू निवृत्त होण्याच्या बेतात असताना सेव्हची प्रत काढ, त्या प्रतीत बघ आणि आपला अंदाज किती चुकला ते लिही. त्यातून नजर तयार होते.

किती जणांवर लक्ष ठेवायचं? तुझ्या शॉर्टलिस्टमध्ये २१४ नावं आहेत. फार झाली. प्रत्येकाच्या दुखापतीची, कराराची, बदलीची बातमी इनबॉक्सला येते आणि कामाची बातमी त्यात बुडते. केळीच्या बुंध्याशी पिलं पुष्कळ फुटतात. पिलबाग, म्हणजे पिलावर पुढचं पीक, धरणारा एक जोमदार ठेवतो, बाकीची कापतो, नाहीतर घड भरत नाही. तू साठ ठेव. पंचवीस आजचे अव्वल, पंचवीस विशीच्या आतले, दहा उतरणीला लागलेले. नवा घ्यायचा तर एक काढायचा. काढलेल्याची ओळ शीटमधून पुसायची नाही, फक्त शॉर्टलिस्टमधून नाव काढायचं. आणि नाव घालताना किती काळासाठी असं विचारलं जातं तिथं कायमचं निवड, नाहीतर मुदत संपली की नाव गुपचूप गळतं. तुझे तीन ब्राझिलियन बहुधा तसेच हरवले.

विशीच्या आतले कुठं शोधायचे हे तुला बरंचसं जमतंय, म्हणून थोडक्यात सांगतो. वर्षातून एकदा प्रत्येक क्लबात नवी पोरं दाखल होतात, आणि ती तारीख देशागणिक वेगळी असते. तुझ्या महत्त्वाच्या पाच-सहा देशांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि त्यानंतर आठवड्याभरानं शोध घे. सतरा आणि वीस वर्षांखालचे विश्वचषक, एकोणीस वर्षांखालची युरो स्पर्धा, या प्रत्येकीवर एक स्काउट नेमून टाक. आणि एकोणीसच्या आतल्यांना किमतीच्या क्रमानं लाव. इतर क्लबांना काय दिसलंय ते तिथं कळतं. ज्या देशाची लीग तू सुरुवातीला घेतलीच नाहीस, तिथून नवी पोरं फार कमी येतील. अर्जेंटिनातून कुणी का येत नाही हे तू विचारलं होतंस, त्याचं बहुधा हेच कारण. पुढचा सेव्ह सुरू करताना ज्या देशांवर जीव आहे त्यांची वरची लीग तरी घे. पण हात आखडून. लॅपटॉपची मेमरी ८ जीबी असेल तर वीस देश घेतल्यावर एकेक दिवस पुढं सरकायला वाट बघावी लागते, आणि अशा सेव्हचे वीस हंगाम सहसा पुरे होत नाहीत.

निवृत्तीचं मात्र काटेकोर सांभाळ. खेळाडूनं हंगामअखेर थांबणार असं जाहीर केलं की त्याच दिवशी त्याचं पूर्ण प्रोफाइल एक्सपोर्ट कर: गुण, इतिहासाचं पान, मिळालेले पुरस्कार. पुढं तो कोच झाला तर पडद्यावर कोचिंगचे आकडे येतात, खेळाचे जातात. कोच झाला नाही तर पुष्कळांचं पानच गेममधून निघून जातं, जुन्या याद्यांत नुसतं नाव उरतं आणि त्यावर क्लिक होत नाही. तुझ्या सेव्हमधला पहिला मोठा गोलकीपर असाच गेलाय. आता त्याचे जेवढे पुरस्कार आणि सामने क्लबच्या इतिहासात सापडतील तेवढे उतरवून घे.

दोन काळांतल्या खेळाडूंची तुलना करताना नुसते गोल मोजू नकोस. ९० मिनिटांमागं गोल काढ, आणि लीग कोणती ते शेजारी लिही. नेदरलँड्समधले ३० आणि इंग्लंडमधले ३० सारखे नाहीत. शिखराची तीन सलग वर्षं धरून बेरीज केलीस तर उत्तर बरंच पक्कं येतं, कारण तिशीनंतर पेस आणि स्टॅमिना उतरतात आणि शेवटची तीन-चार वर्षं सगळी सरासरी खाली ओढतात. गोलकीपर उशिरापर्यंत टिकतात, त्यांना हा नियम लावू नकोस.

राहिलं सेव्हचं. आपल्याकडची वीज तुला सांगायला नको. सेव्ह चालू असताना लाइट गेली आणि बॅटरी थकलेली असली तर फाइल बिघडते, आणि बिघडलेली फाइल सहसा परत उघडत नाही. रोलिंग सेव्ह (आळीपाळीनं लिहिल्या जाणाऱ्या प्रती) तीनवर ठेव, म्हणजे एक गेली तरी दोन उरतात. दर १५ जूनला वेगळ्या नावानं एक प्रत कर, ‘जून २०३६’ असं साधं नाव दे आणि ती पेन ड्राइव्हवर टाक. या प्रतींचा दुसरा फायदा असा की एखादी नोंद राहून गेली तर मागं जाऊन घेता येते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नकोस. खालची हवा कोंडते, मशीन तापलं की आपोआप मंद चालतं, आणि तुला वाटतं सेव्ह जड झाला.

या रविवारी एवढंच कर: २१४ ची साठ नावं, यूआयडीचा रकाना, आणि स्टारचा रकाना पुसून टाक. जुलै असला तरी पहिली नोंद आजच्याच तारखेची घे, डिसेंबरपासून वेळापत्रक धर. शीट झाली की पाठव. साठात कोणाला ठेवलंस त्यापेक्षा कोणाला काढलंस ते मला आधी बघायचंय.

कळावे, लोभ असावा.