वाचकांचे प्रश्न : एका अंशाची वाढ आणि पिकाचे नाजूक दिवस

प्रश्न : पृथ्वीचे सरासरी तापमान साधारण एका अंशाने वाढले आहे, असे वाचनात येते. पहाट आणि दुपार यांच्यात दहा-बारा अंशांचा फरक पिके रोजच सोसतात; मग एवढ्याशा वाढीने शेतीचे काय बिघडते? शिवाय हवामान पूर्वीही लहरी होतेच. आताचा बदल वेगळा कसा ओळखायचा?

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. एका-दोन वर्षांच्या अनुभवावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही, म्हणूनच जागतिक हवामान संघटना कोणत्याही ठिकाणच्या सरासरीसाठी तीस वर्षांच्या नोंदी धरते. आपण म्हणता ती वाढ दीर्घ काळाच्या नोंदींतूनच दिसलेली आहे : २०११ ते २०२० या दशकाचे जागतिक तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते.

पीक मात्र सरासरीवर जगत नाही. त्याच्या आयुष्यातले मोजके दिवस फार नाजूक असतात, आणि सरासरी थोडी सरकली तरी त्या दिवसांत सहनशक्तीपलीकडची उष्णता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळा वाट्याला येते. भाताचे रोप एरवी चांगलेच ऊन सोसते; परंतु फुलोऱ्याच्या वेळी पारा ३५ अंशांच्या वर गेला, तर परागीभवन बिघडते, फलधारणा होत नाही आणि लोंबीत पळंज, म्हणजे पोकळ, दाणे राहतात. गव्हाची अडचण निराळी आहे. दाणे भरण्याच्या काळात उष्णता वाढली की पीक घाईने पक्व होते आणि दाणा बारीक राहतो. मार्च २०२२ मध्ये उत्तर भारतात हेच घडले. कमाल तापमानाच्या दृष्टीने तो १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाचे उत्पादन अपेक्षेपेक्षा घटले आणि १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. केवळ वार्षिक सरासरी पाहणाऱ्याला या नुकसानीचे कारण सापडले नसते.

पावसाच्या एकूण मिलिमीटरांचा आकडाही असाच फसवा असतो. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळतो आणि बरेचसे पाणी मुरण्याआधीच माती घेऊन वाहून जाते. उलट खंड पडला की तीच तहानलेली हवा जमिनीतली ओल झपाट्याने ओढून घेते. हंगामाची बेरीज नेहमीइतकी भरूनही पीक वाळू शकते, याकडे अजून पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : वन्य जीव स्थलांतर करू शकतात, हळूहळू जुळवूनही घेतात. मग त्यांची एवढी चिंता का करावी?

उत्तर : कारण प्रत्येक जीव ऋतू ओळखतो तो वेगवेगळ्या खुणांवरून. नेदरलँड्समध्ये विणीसाठी येणारा माशीमार कुळातला एक लहान काळा-पांढरा पक्षी हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि परतीची वेळ प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. ती बदललेली नाही. त्याच्या पिलांचे खाद्य असलेल्या अळ्या मात्र उबदार वसंतामुळे आधीच निघू लागल्या. जिथे अळ्यांचा बहर फारच लवकर येऊ लागला, तिथे या पक्ष्यांची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. फुले आणि त्यांचे परागण करणारे कीटक यांच्यातही अशी ताटातूट होऊ शकते, आणि तिचा थेट फटका फळबागांना बसतो.

प्रश्न : उष्णता सोसणारे वाण काढले, की हा प्रश्न सुटेल का?

उत्तर : काही प्रमाणात. एका रानटी भाताची फुले पहाटेच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वीच उमलतात. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा गुण लागवडीच्या भातात उतरवला आहे. दुपारच्या उन्हापासून फुलोरा वाचवण्याचा हा मार्ग मला फार आशादायक वाटतो. उष्ण रात्रींपुढे मात्र तो पुरा पडणार नाही. रात्री उकाडा राहिला तर रोपाचा श्वसनखर्च वाढतो, म्हणजे दिवसा तयार केलेले अन्न श्वसनातच अधिक खर्ची पडते, असे मानले जाते. याच संस्थेच्या फिलिपिन्समधील शेतांत कोरड्या हंगामातले किमान तापमान १ अंशाने वाढले, तेव्हा भाताचे उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटलेले दिसले. त्यामुळे वाणाची परीक्षा घेताना दुपारच्या कमाल तापमानाइतकेच रात्रीच्या किमान तापमानालाही महत्त्व द्यावे लागेल.