एपीआयने आणलेला डेटा आणि तुमच्या सहीची हमी

प्रश्न: माझी छोटी डिजिटल मार्केटिंग एजन्सी आहे. क्लायंटच्या ब्रँडचे नाव गूगलवर शोधल्यावर कोणाकोणाच्या सशुल्क जाहिराती दिसतात, हे आम्ही एका परदेशी कंपनीच्या स्क्रेपिंग एपीआयमधून (वेबपानांवरची माहिती यंत्राद्वारे काढून देणारी सेवा) रोज काढतो. आता क्लायंटने नवा करार पाठवला आहे. ‘सर्व डेटा कायदेशीर मार्गानेच मिळवलेला आहे’ अशी हमी आम्ही द्यायची आणि दावा झाला तर पूर्ण भरपाईही आम्हीच करायची, असे त्यात आहे. शिवाय याच नोंदींच्या आधारे त्यांना प्रतिस्पर्ध्यावर ट्रेडमार्कचा दावा लावायचा आहे. एपीआय कंपनी म्हणते, डेटा सार्वजनिक आहे, काळजी नको. सही करू का?

उत्तर: आहे त्या मसुद्यावर करू नका.

डेटा सार्वजनिक आहे हे खरे, पण तुमच्याकडून मागितलेली हमी डेटाबद्दल नाही, तो मिळवण्याच्या मार्गाबद्दल आहे. जाहिरातीचा मथळा, लिंक, क्रमांक, दिसल्याची वेळ या नोंदींवर कॉपीराइट सांगणे अवघड आहे. नुसत्या मेहनतीने कॉपीराइट मिळत नाही, किमान सर्जनशीलता लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात २००७ मध्येच म्हटले आहे. शॉपिंग जाहिरातींतली उत्पादनांची छायाचित्रे मात्र साठवू नका. त्यांची गोष्ट वेगळी.

अडचण मार्गाची आहे. गूगलची रोबोट्स फाइल (स्वयंचलित प्रोग्राम्सना, म्हणजे बॉट्सना, संकेतस्थळाने दिलेल्या सूचना) शोध-निकालांची पाने बॉट्सना बंद ठेवते आणि अशा सूचना डावलून यंत्राद्वारे माहिती काढण्यास त्यांच्या सेवाशर्तींत मनाई आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणक प्रणालीतून डेटा काढून घेण्याबद्दल भरपाईची जबाबदारी टाकते, आणि असा प्रवेश मिळवायला साहाय्य करणाराही त्यातून सुटत नाही. ‘सर्व्हरवर धडक एपीआय कंपनी मारते, आम्ही नाही’ हा बचाव म्हणून लंगडा आहे: कोणता कीवर्ड (शोधायचा शब्द), कोणते ठिकाण, मोबाइल की संगणक, हे सगळे तुमच्याच रिक्वेस्टमध्ये लिहिलेले असते. त्याच अधिनियमाच्या फौजदारी कलम ६६ ला अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. जाहिराती मोजणाऱ्या एजन्सीवर ते लागू होईल असे मला वाटत नाही. पण ‘कायदेशीर मार्गानेच’ या शब्दांखाली सही करताना कलम ४३ डोळ्याआड करता येणार नाही.

एपीआय विक्रेते अमेरिकेतल्या लिंक्डइनवरची माहिती काढणाऱ्या हायक्यू कंपनीच्या लिंक्डइनविरुद्धच्या खटल्याचा दाखला हमखास देतात. तो अर्धाच सांगितला जातो. हॅकिंगविरोधी कायद्याच्या मुद्द्यावर अपील न्यायालयाने २०२२ मध्ये हायक्यूच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी खालच्या न्यायालयाने मात्र हायक्यूने वापरकर्ता कराराचा भंग केल्याचे ठरवले आणि शेवट हायक्यूविरुद्ध ५ लाख डॉलरच्या हुकुमावर झाला. जानेवारी २०२४ मध्ये मेटाविरुद्ध ब्राइट डेटा ही स्क्रेपिंग कंपनी जिंकली, कारण लॉग-इन न करता घेतलेल्या सार्वजनिक माहितीला मेटाच्या शर्ती लागू होत नाहीत, असे न्यायालयाने धरले. डिसेंबर २०२५ मध्ये गूगलने सर्पएपीआय या शोध-निकाल काढून विकणाऱ्या कंपनीवर दावा केला तो आणखी वेगळ्या पायावर: बॉट रोखणारी तांत्रिक भिंत चुकवली, हा कॉपीराइट कायद्याचा भंग आहे, असे गूगलचे म्हणणे. म्हणजे तुमचा विक्रेता कॅप्चा (माणूस की यंत्र हे तपासणारी चाचणी) आणि अडथळे कसे पार करतो, हा त्याच्या घरचा प्रश्न राहिलेला नाही.

आणि तुम्ही लॉग-आउट झालेले तिऱ्हाईत नाही आहात. क्लायंटची गूगल अ‍ॅड्स खाती तुम्हीच चालवता, शर्ती तुम्ही स्वीकारलेल्या आहेत. कोर्टकचेरीपेक्षा खाती निलंबित होण्याची भीती मला जास्त वाटते.

आता ट्रेडमार्कचा दावा. इथे तुमच्या नोंदी क्लायंटला वाटतात तितक्या कामाच्या नाहीत. ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणे हा ‘वापर’ ठरू शकतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने गूगल विरुद्ध डीआरएस प्रकरणात २०२३ मध्ये सांगितले. पण वापर म्हणजे आपोआप उल्लंघन नव्हे, हेही. त्यात तुमची एपीआय नोंद एवढेच दाखवते की अमुक शब्द शोधला तेव्हा अमुक जाहिरात दिसली. प्रतिस्पर्ध्याने तोच शब्द विकत घेतला होता हे त्यातून सिद्ध होत नाही. ब्रॉड मॅच या गूगल अ‍ॅड्समधल्या सोयीमुळे मिळत्याजुळत्या शब्दावरही जाहिरात लागते. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसा) प्रमाणपत्र लागते. ज्या सर्व्हरने ते पान पाहिले तो परदेशात, त्याचा प्रभारी कोण हे तुम्हाला माहीत नाही. प्रमाणपत्रावर सही कोण करणार?

म्हणून एपीआयच्या नोंदी फक्त माग काढायला ठेवा. पुराव्यासाठी माणसाने, आपल्या संगणकावर, साधा शोध घ्यावा. स्क्रीन रेकॉर्डिंग करावे, फाइलचा हॅश त्याच दिवशी काढावा आणि त्याच माणसाने पुढे प्रमाणपत्र द्यावे. जाहिरातदार कोण हे गूगलच्या अ‍ॅड्स ट्रान्स्परन्सी सेंटरवर कुणालाही पाहता येते. लिलावात समोर कोण होते हे क्लायंटच्याच खात्यातला ऑक्शन इनसाइट्स अहवाल सांगतो, तोही गूगलच्या परवानगीने. तुमच्या रोजच्या अहवालाचा बराच भाग या दोन ठिकाणांहून भरून निघेल.

करारात हमीच्या जागी असे वाक्य सुचवा: ‘सदर डेटा तृतीय पक्षाच्या सेवेतून घेतलेला असून ती सेवा क्लायंटला ज्ञात व मान्य आहे, डेटा मिळवण्याच्या पद्धतीबाबत एजन्सी कोणतीही हमी देत नाही.’ भरपाईला मर्यादा घाला. वर्षभरात मिळालेल्या फीपेक्षा जास्त नको. क्लायंट अडून बसला तर एपीआयचे काम या करारातून वगळा आणि वरच्या दोन स्रोतांवरचाच अहवाल द्या.

विक्रेत्याचा करारही काढून वाचा. काही कंपन्या ‘कायदेशीर संरक्षणा’ची जाहिरात करतात, ते कोणत्या प्लॅनला, कोणत्या देशातल्या दाव्यांना आणि किती रकमेपर्यंत आहे, हे लेखी विचारा. बहुतेक करारांत वापराची सारी जबाबदारी ग्राहकावर टाकलेली असते. तसे असेल तर दोन्ही बाजूंची भरपाई तुमच्याच गळ्यात येते. दोन्ही करार शेजारी ठेवून वकिलाकडून तपासून घ्या, मगच क्लायंटला उत्तर पाठवा.