क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) येतं, ओपन डेटा आहे, पण वन्यजीवांसाठी घरबसल्या खरंच काही उपयोगाचं करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की आयटीत नोकरी आहे, नकाशांचं सॉफ्टवेअर थोडंफार येतं, जंगलात फिरणं जमत नाही, तर इंटरॅक्टिव्ह नकाशा बनवून संवर्धनाला मदत होते का की नुसते रंगीत ठिपके होतात. होते मदत. फक्त एक करा, वाघापासून सुरुवात करू नका. वाघासाठी कॅमेरा ट्रॅप (जंगलात लावलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आहेत, शास्त्रज्ञ आहेत, पैसा आहे, तुमच्या आमच्या नकाशावाचून त्याचं फार अडत नाही. माळरान घ्या.

मी पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांचंच काम हौस म्हणून करतो त्यामुळे तेच सांगतो. लांडगा, खोकड (छोटा कोल्हा), चिंकारा, धाविक आणि पखुर्डी हे माळावरचे पक्षी, ही सगळी मंडळी तिथे राहतात आणि सरकारी वेस्टलँड ॲटलासमध्ये असल्या कितीतरी जमिनीवर शिक्का काय, तर पडीक. एकदा पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, सोलर लावा, एमआयडीसी आणा, कुणी विचारत नाही. त्यात सोलर पार्कला पर्यावरण परवानगी लागतच नाही, २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम तपासणी) अधिसूचनेत ते बसत नाहीत, म्हणजे त्या कायद्याखालची जनसुनावणी पण नाही. मग तिथे काय जगतंय हे कागदावर येणार कधी?

यावर एक फार चांगलं काम झालंय ते आधी बघा. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या संशोधकांनी देशातल्या कोरड्या भागातल्या अशा उघड्या नैसर्गिक जमिनींचा नकाशा केला, २०२२ मध्ये पेपर आला, आणि तो नकाशा गूगल अर्थ इंजिनवर (गूगलची सॅटेलाईट नकाशांची ऑनलाईन सेवा) कुणालाही झूम करून बघता येतो. त्यांच्या हिशोबाने अशी जमीन साधारण ३ लाख चौ. किमी, म्हणजे देशाच्या १० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातली ५ टक्के सुद्धा अभयारण्यांत येत नाही. स्वतःचा तालुका उघडून बघा, ज्या माळावरून आपण गाडी दामटत जातो तो तिथे रंगवलेला दिसतो.

आता तुमचं काम. नवीन ॲप बनवायचं नाही, हे आधीच सांगतो. आयटीवाला आला की पहिलं ॲप काढतो, वर्षभराने सर्व्हर बंद आणि लोकांनी घातलेल्या नोंदी गेल्या, असं मी बघितलंय. पक्षी ईबर्डवर टाका, बाकी सगळं आयनॅचरलिस्टवर (दोन्ही लोकांनी निसर्गनोंदी टाकायच्या वेबसाइट), तिथल्या पडताळलेल्या आणि खुल्या लायसन्सच्या नोंदी पुढे जीबिफला (जगभरच्या जीवनोंदींचा खुला साठा) जातात आणि जगभरचे संशोधक तिथून उचलतात. ईबर्डवर फक्त भारी पक्षी टाकू नका, दिसलेलं सगळं टाका, साळुंकी चिमणी सकट, आणि किती वेळ किती अंतर फिरलात ते पण. नाहीतर पक्षी कमी झाले की बघणारे कमी झाले हे कुणाला कळणारच नाही. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल अशाच ३०,००० हौशी लोकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे, आणि माळरानातल्या पक्ष्यांची अवस्था किती वाईट आहे हे त्यातच आकड्यांनी पुढे आलं.

मग तो डेटा क्यूजीआयएसमध्ये ओढा, वर ओपनस्ट्रीटमॅपमधून (लोकांनीच बनवलेला खुला नकाशा) रस्ते, हायटेन्शन लाईन, खाणी घ्या (नसतील तर तुम्हीच काढा, हे काम खरंच घरबसल्या होतं आणि फार कमी लोक करतात), खाली सेंटिनेल-२ या सॅटेलाईटची इमेज, १० मीटरची, फुकट, साधारण पाच दिवसांनी नवीन. इमेज मे महिन्यातली घेऊ नका! मे मध्ये माळ उजाडच दिसतो आणि बघणारा म्हणतो, पडीकच आहे की. जुलै-ऑगस्टमध्ये ढग. सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर घ्या, आणि मे ची शेजारी ठेवा, स्लायडर लावा, माणूस स्वतःच सरकवून बघतो आणि मग वाद घालत नाही.

ठिपके बघताना एक डोक्यात ठेवा. उजनीच्या पाण्याकाठच्या भिगवणला ठिपक्यांची गर्दी, कारण शनिवार-रविवारी सगळे कॅमेरे तिकडेच असतात. रिकाम्या जागेचा अर्थ तिथे प्राणी नाही असा घेऊ नका, तिथे कुणी गेलंच नाही असा घ्या आणि नकाशावर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर तुमचाच नकाशा कंपनीचा कन्सल्टंट दाखवेल की बघा इथे काहीच नाही.

आणि हा नकाशा दाखवणार कुणाला? इथे बहुतेक लोक गळपटतात. फेसबुकवर टाकून लाईक मिळतात, बस. गावात किंवा तहसील ऑफिसात लॅटलाँग (अक्षांश-रेखांश) कुणाला नको असतं, गट नंबर हवा असतो. महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर गाव निवडून गट बघता येतात, ते तुमच्या नकाशाशी जुळवा आणि मग सांगा, या या गटांत लांडग्यांचा वावर आहे, यातलं गायरान कुठलं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या प्राणी-वनस्पतींची नोंद) असते, त्यात तुमच्या नोंदी घालायला लावा, मेंढपाळांना सोबत बसवून, कारण कुठल्या ओढ्याला काय असतं हे त्यांना सॅटेलाईटपेक्षा जास्त माहीत असतं. एखाद्या अभयारण्याभोवतीच्या इको सेन्सिटिव्ह झोनची (बंधनं असलेला पट्टा) मसुदा अधिसूचना निघाली तर हरकतींना ६० दिवस मिळतात, तेव्हा तयार नकाशा हातात असला तर चार ओळींच्या पत्राला वजन येतं.

काय उघड करायचं नाही ते पण सांगतो. लांडग्याची घळ, खोकडाची बिळं, घुबडाचं घरटं, कधीच नाही. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या बऱ्याच प्रजातींची जागा आपोआप ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात लपवतं, पण सगळ्यांची नाही, म्हणून शंका आली तर स्वतः लपवा. हे उगाच घाबरवणं नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका जीपीएस कॉलर लावलेल्या वाघाचं लोकेशन ज्या ईमेलवर येत होतं तो उघडायचा कुणीतरी प्रयत्न केला होता, ईमेल बघणारं ऑफिस डेहराडूनला आणि लॉगिनचा प्रयत्न पुण्यातून. सिस्टिमने अडवलं, कोण होतं ते काही कळलं नाही. आणि शिकारीच लागतो असं नाही, पिल्लांचे फोटो काढायला आलेल्या दहा गाड्या पण घळीसाठी पुरेशा आहेत.

तालुका कुठला तुमचा? कमेंटमध्ये टाका, सोलापूर-पुण्याकडचा असेल तर माझ्याकडच्या रस्ते आणि वीजलाईनच्या फाईली देतो, ते तरी परत काढत बसू नका.